अँब्रोस, व्हिक्टर

अँब्रोस, व्हिक्टर : (१ डिसेंबर १९५३ – ). अमेरिकन रेणवीय जीववैज्ञानिक. सूक्ष्म आरएनए (मायक्रो-आरएनए) या अतिशय आखूड रेणूंचा शोध आणि जनुकांच्या (आनुवंशिक गुणधर्मांच्या एककांच्या, जीनांच्या) नियमनातील या रेणूंचे कार्य यांसंबंधीच्या संशोधनाबद्दल त्यांना गॅरी रव्हकन यांच्यासमवेत २०२४ सालचे शरीरक्रियाविज्ञान वा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. एका जनुकाने दुसऱ्या जनुकावर ठेवावयाचे नियंत्रण प्रथिनांमार्फतच होते, ही प्राण्यांच्या बाबतीत जवळजवळ गृहीत धरली गेलेली समजूत त्यांच्या एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीवरील संशोधनामुळे अपुरी ठरली.

जीवन व शिक्षण : अँब्रोस यांचा जन्म न्यू हँपशर राज्यातील हॅनोव्हर येथे झाला. त्यांचे वडील मूळचे पोलिश असून दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासित म्हणून अमेरिकेत आले होते. अँब्रोस यांचे बालपण व्हरमाँट राज्यातील हार्टलंड येथे, कुटुंबाच्या दुग्धव्यवसायाच्या लहानशा शेतावर गेले. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून त्यांनी १९७५ मध्ये जीवविज्ञानाची पदवी व १९७९ मध्ये पीएच.डी. मिळविली. पीएच.डी.साठी त्यांनी नोबेल पारितोषिक विजेते डेव्हिड बॉल्टिमोर यांच्या मार्गदर्शनाखाली बालपक्षाघाताच्या (पोलिओच्या) व्हायरसावर काम केले. या व्हायरसाचे आनुवंशिक द्रव्य आरएनए (रिबोन्यूक्लिइक अम्ल) हे असते. या आरएनएच्या एका टोकाला एक लहान प्रथिन जोडलेले असून ते टायरोसीन या ॲमिनो अम्लामार्फत रासायनिक बंधाने बांधलेले असते, असे त्यांनी व बॉल्टिमोर यांनी १९७८ मध्ये दाखविले. आरएनए हाताळण्याचे या काळात मिळालेले कौशल्य पुढे त्यांच्या मुख्य संशोधनात उपयोगी पडले.

यानंतर ते त्याच संस्थेत एच. रॉबर्ट हॉर्व्हिट्झ यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले व सूत्रकृमीच्या आनुवंशिकीकडे वळले. पुढे हार्व्हर्ड विद्यापीठ (१९८५–९२) व डार्टमथ वैद्यक विद्यालय (१९९२–२००७) येथे त्यांनी अध्यापन व संशोधन केले. २००८ पासून ते वुस्टर येथील मॅसॅचूसेट्स विद्यापीठाच्या वैद्यक विद्यालयात प्राध्यापक आहेत. त्यांच्या पत्नी रोझलिंड ली या त्यांच्या प्रयोगशाळेतील सहकारी असून अनेक महत्त्वाच्या निबंधांच्या त्या सहलेखिका आहेत.

पूर्वपीठिका : बहुकोशिक प्राण्याच्या शरीरातील जवळजवळ सर्व कोशिकांत (पेशींत) जनुकांचा एकच संच असतो. असे असूनही स्नायूची कोशिका व तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) यांची रचना व कार्य अगदी भिन्न असतात. कोणत्या कोशिकेत, केव्हा व किती प्रमाणात कोणते जनुक कार्यान्वित व्हावे, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेस जनुक नियमन म्हणतात. जनुक कार्यान्वित झाले म्हणजे डीएनए (डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्ल) वरील माहितीची नक्कल प्रथम संदेशक आरएनएच्या रूपात होते व रिबोसोम या कोशिकेतील सूक्ष्म कणांवर त्या संदेशानुसार प्रथिन तयार होते [→ न्यूक्लिइक अम्ले].

फ्रान्स्वा झाकॉब व झाक मॉनो या फ्रेंच वैज्ञानिकांनी १९६१ मध्ये सूक्ष्मजंतूंतील जनुक नियमनाचे प्रतिमान मांडले. एका नियामक जनुकापासून निर्माण होणारा निरोधक पदार्थ दुसऱ्या जनुकांचे कार्य थांबवितो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा निरोधक आरएनए असावा अशी शक्यता त्यांनी त्या वेळी मांडली होती. परंतु वॉल्टर गिल्बर्ट व बेन्नो म्यूलर-हिल यांनी १९६६ मध्ये तो वेगळा करून दाखविला, तेव्हा तो प्रथिन असल्याचे आढळले. त्यानंतर अनेक नियामक प्रथिने सापडत गेली व नियामक म्हणजे प्रथिन हे समीकरण दृढ झाले. रॉय ब्रिटन व एरिक डेव्हिडसन यांनी १९६९ मध्ये उच्चतर प्राण्यांत नियामक आरएनए असावेत असा सिद्धांत मांडला होता, तर १९८४ मध्ये एका सूक्ष्मजंतूत संदेशक आरएनएला पूरक असणारा व त्याचे कार्य रोखणारा आरएनए सापडला होता. तथापि प्राण्यांत असा नियामक प्रत्यक्ष आढळला नव्हता.

सूत्रकृमी व विकसनातील कालक्रम : ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स’ हा मातीत आढळणारा, सूक्ष्मजंतूंवर जगणारा सूत्रकृमी सु. १ मिमी. लांब व पारदर्शक असतो. सिडनी ब्रेनर यांनी १९६० नंतरच्या दशकात केंब्रिज येथे विकसनाच्या (वाढ व अवयवनिर्मितीच्या) अभ्यासासाठी त्याची निवड केली. अंड्यापासून प्रौढ कृमी होण्यास सुमारे तीन दिवस लागतात. प्रजोत्पादक कोशिका वगळता प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात नेमक्या ९५९ कोशिका असतात व त्यांपैकी ३०२ तंत्रिका कोशिका असतात. जॉन सल्स्टन, हॉर्व्हिट्झ व त्यांचे सहकारी यांनी यांतील प्रत्येक कोशिकेची वंशावळ निश्चित केली. त्यामुळे कोणती कोशिका कोणत्या वेळी विभागली गेली पाहिजे, हे या प्राण्याच्या बाबतीत अगोदरच ठाऊक असते आणि क्रमात झालेला लहानसा बदलही सूक्ष्मदर्शकातून ओळखता येतो.

अंड्यातून बाहेर पडल्यावर हा कृमी चार डिंभावस्थांतून (अळीसारख्या पूर्वावस्थांतून) जातो व प्रत्येक अवस्थेच्या शेवटी कात टाकतो. प्रत्येक अवस्थेत कोशिका विभाजनाचा ठराविक कार्यक्रम पार पडतो. १९८१ मध्ये मार्टिन चॅल्फी, हॉर्व्हिट्झ व सल्स्टन यांनी वर्णन केलेल्या ‘लिन-४’ या उत्परिवर्ती (आनुवंशिक द्रव्यात आकस्मिक बदल झालेल्या) कृमींत पहिल्या डिंभावस्थेचा कार्यक्रम पुढील अवस्थांतही पुनःपुन्हा होत राहतो. असा कृमी वाढतो, पण त्याला अंडी बाहेर टाकण्याचे द्वार निर्माण होत नाही. अंडी शरीरातच उबतात.

अँब्रोस व हॉर्व्हिट्झ यांनी १९८४ मध्ये अशा उत्परिवर्तनांचा एक गट वर्णन केला. या गटात लिन-४, लिन-१४, लिन-२८ व लिन-२९ ही जनुके होती. त्यांच्यातील बिघाडामुळे अवयव चुकीच्या जागी निर्माण होत नाहीत, तर योग्य जागीच पण भलत्या वेळी विकसनाच्या घटना घडतात. म्हणून या जनुकांना विषमकालिक जनुके असे नाव मिळाले. विकसनात जागेप्रमाणेच काळाचे नियमनही स्वतंत्र जनुकांकडे सोपविलेले असते, हे यावरून स्पष्ट झाले.

यांतील लिन-४ व लिन-१४ यांचा संबंध विशेष उद्बोधक ठरला. लिन-१४ निकामी झाल्यास पहिल्या अवस्थेचा कार्यक्रम वगळला जातो व कृमी अकाली पुढे जातो. उलट लिन-१४ चे कार्य अवाजवी चालू राहिल्यास कृमी लिन-४ निकामी झालेल्या कृमीप्रमाणे पहिल्याच अवस्थेत रेंगाळतो. दोन्ही जनुके एकाच वेळी निकामी केल्यावर मिळालेला कृमी केवळ लिन-१४ निकामी असलेल्या कृमीसारखा दिसतो. यावरून लिन-४ चे कार्य लिन-१४ ला वेळेवर थांबविणे हे असले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. १९८९ मध्ये अँब्रोस यांनी या जनुकांची उतरंड निश्चित केली. तीनुसार लिन-४ हे लिन-१४ व लिन-२८ यांना रोखते आणि ही दोन जनुके लिन-२९ ला रोखून धरतात. त्यांचा अडसर दूर झाला म्हणजे लिन-२९ मुळे कृमी प्रौढावस्थेत प्रवेश करतो.

लिन-४ चा शोध : लिन-१४ ला थांबविणारे लिन-४ हे जनुक स्वतः कोणते प्रथिन निर्माण करते, हा पुढील प्रश्न होता. हार्व्हर्ड येथे रोझलिंड ली, ऱ्होंडा फाइनबॉम व अँब्रोस यांनी हे जनुक वेगळे करण्याचे काम हाती घेतले. लिन-४ निकामी असलेल्या कृमींत निरोगी कृमीच्या डीएनएचे तुकडे टाकून कोणत्या तुकड्याने दोष दूर होतो हे पाहावयाचे व तो तुकडा क्रमाक्रमाने लहान करीत जावयाचे, अशी ही पद्धत होती. अखेरीस सुमारे ७०० क्षारक-जोड्यांचा तुकडा दोष दूर करण्यास पुरेसा ठरला. प्रथिन निर्माण करणाऱ्या जनुकाच्या मानाने हा तुकडा फारच लहान होता.

या तुकड्यात प्रथिनाचा संकेत असू शकेल अशा जागा तपासण्यात आल्या. त्या जागी मुद्दाम असे बदल करण्यात आले की, तेथून प्रथिन तयार होत असल्यास ते निरुपयोगी व्हावे. तरीही जनुकाचे कार्य अबाधित राहिले. निकटच्या जातींच्या कृमींतील याच भागाशी तुलना केली असता प्रथिनाचा संकेत टिकून राहिल्याचे दिसले नाही, पण डीएनएचा एक आखूड भाग मात्र जवळजवळ जसाच्या तसा आढळला. लिन-४ पासून प्रथिन तयारच होत नाही, असा निष्कर्ष काढणे भाग पडले. या जनुकापासून केवळ दोन आखूड आरएनए तयार होत होते : एक सु. ६१ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या घटक एककांचा) व दुसरा केवळ सु. २२ न्यूक्लिओटाइडांचा. पहिला स्वतःवरच दुमडून केसांत खोचण्याच्या आकड्यासारखा आकार धारण करतो व दुसरा त्यातूनच निघतो. सामान्यतः इतके आखूड तुकडे आरएनएच्या विघटनाचे अवशेष म्हणून दुर्लक्षिले जाण्याचा संभव असे. येथे मात्र जनुकाचे सर्व कार्य त्यावर अवलंबून होते.

याच सुमारास बॉस्टन येथील मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रव्हकन लिन-१४ चा अभ्यास करीत होते. हॉर्व्हिट्झ यांच्या प्रयोगशाळेत ते अँब्रोस यांचे सहकारी होते. लिन-१४ चे कार्य अवाजवी चालू राहणाऱ्या कृमींत संदेशक आरएनएच्या शेवटच्या, प्रथिनाचा संकेत नसलेल्या भागाचा काही अंश गळालेला असतो, असे त्यांना आढळले होते. तसेच पहिल्या अवस्थेनंतर लिन-१४ च्या प्रथिनाचे प्रमाण घटते, पण संदेशक आरएनए टिकून राहतो, असेही त्यांच्या प्रयोगांतून दिसले. नियंत्रण आरएनए तयार होण्याच्या वेळी होत नसून तो तयार झाल्यानंतर होत होते.

जून १९९२ मध्ये अँब्रोस व रव्हकन यांनी आपापले क्षारकक्रम परस्परांना कळविले. लिन-४ च्या आखूड आरएनएचे क्षारक लिन-१४ च्या संदेशकाच्या शेवटच्या भागातील अनेक ठिकाणच्या क्षारकांना पूरक असल्याचे दोघांनाही दिसून आले. प्रसिद्ध झालेल्या निबंधात अशी सात ठिकाणे दाखविण्यात आली. पूरकता सर्वत्र अखंड नव्हती; मधूनमधून जोड्या न जुळल्याने फुगवटे राहत होते. तरीही लिन-४ चा आरएनए लिन-१४ च्या संदेशकाला चिकटून त्यापासून होणारी प्रथिननिर्मिती रोखतो, हा अर्थ त्यातून उघड झाला. एकट्या लिन-४ च्या क्रमावरून त्याचे लक्ष्य ओळखता आले नसते व एकट्या लिन-१४ च्या गळालेल्या भागावरून तेथे काय चिकटते हे कळले नसते. दोन्ही प्रयोगशाळांचे निबंध ‘सेल’ या नियतकालिकात डिसेंबर १९९३ मध्ये एकाच अंकात प्रसिद्ध झाले.

उपेक्षा व प्रसार : या शोधाचे त्या वेळी फारसे पडसाद उमटले नाहीत. लिन-४ सारखे जनुक इतर प्राण्यांत आढळले नव्हते. त्यामुळे ही एका कृमीपुरती मर्यादित असलेली विलक्षण बाब असावी, असा सर्वसाधारण समज राहिला. अँब्रोस यांनी मात्र डार्टमथ येथे हे काम चालू ठेवले. लिन-२८ पासून तयार होणारे प्रथिन आरएनएला बांधले जाणाऱ्या प्रथिनांच्या वर्गातील असून तेही लिन-४ च्या नियंत्रणाखाली असते, असे एरिक मॉस, ली व अँब्रोस यांनी १९९७ मध्ये दाखविले. लिन-४ चे कार्य एकाहून अधिक लक्ष्यांवर चालते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

सात वर्षांनंतर, २००० मध्ये, रव्हकन यांच्या प्रयोगशाळेने त्याच कृमीत लेट-७ हे दुसरे असे जनुक शोधून काढले. त्याचा आरएनए २१ न्यूक्लिओटाइडांचा असून कृमीच्या उत्तरावस्थेतील कालक्रमावर त्याचे नियंत्रण असते. त्याच वर्षी लेट-७ चा आरएनए फळमाशी, मासे व मानव यांसह अनेक प्राण्यांत तोच क्रम राखून असल्याचे आढळले. इतक्या दूरच्या जातींत तो टिकून राहिला, याचा अर्थ क्रमविकासाच्या (उत्क्रांतीच्या) दीर्घ कालावधीत त्याचे कार्य अपरिहार्य राहिले असले पाहिजे. मधल्या काळात अँड्रू फायर व क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये दुपेडी आरएनएमुळे जनुके निष्क्रिय होण्याची घटना (आरएनए व्यत्यय) दाखविली होती आणि १९९९ मध्ये अँड्रू हॅमिल्टन व डेव्हिड बॉल्कोम यांना वनस्पतींत सु. २५ न्यूक्लिओटाइडांचे आरएनए सापडले होते. आखूड आरएनएंकडे पाहण्याची दृष्टी यामुळे पालटली.

ऑक्टोबर २००१ मध्ये टोमास टुशल, डेव्हिड बार्टेल व अँब्रोस यांच्या प्रयोगशाळांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एकाच वेळी तीन निबंध प्रसिद्ध केले. कृमी, फळमाशी व मानवी कोशिका यांतील अशा अनेक नव्या आरएनएंची त्यांत नोंद होती व या वर्गास सूक्ष्म आरएनए हे नाव देण्यात आले. अँब्रोस यांच्या बाजूचा निबंध त्यांनी व ली यांनी लिहिला होता. लिन-४ चा सस्तन प्राण्यांतील प्रतिरूप आरएनएही नंतर सापडला; कृमीपुरती मर्यादित मानली गेलेली बाब प्रत्यक्षात तशी नव्हती. नव्या रेणूंची संख्या झपाट्याने वाढू लागल्यावर कशास सूक्ष्म आरएनए म्हणावे व त्याचे नामकरण कसे करावे, यांबद्दलचे निकष २००३ मध्ये अनेक वैज्ञानिकांनी संयुक्तपणे प्रसिद्ध केले. त्यात अँब्रोस प्रमुख होते.

कार्यपद्धती : सूक्ष्म आरएनएचे जनुक कार्यान्वित झाल्यावर प्रथम एक लांब आरएनए तयार होतो. प्राण्यांत कोशिकेच्या केंद्रकात ड्रोशा या एंझाइमाने (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाने) त्यातून आकड्याच्या आकाराचा भाग कापला जातो. हा भाग केंद्रकाबाहेर आल्यावर डायसर हे दुसरे एंझाइम त्याचे टोक छाटून सु. २२ न्यूक्लिओटाइडांचा दुपेडी तुकडा तयार करते. यांतील एक पेड आर्गोनॉट या प्रथिनात बसविला जातो व दुसरा सामान्यतः टाकून दिला जातो. आर्गोनॉटमधील पेड वाटाड्याचे काम करतो. त्याच्या आरंभीचे, विशेषतः दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे न्यूक्लिओटाइड ज्या संदेशक आरएनएला पूरक असतील त्याला हे प्रथिन जाऊन चिकटते. परिणामी त्या संदेशकापासून प्रथिन तयार होणे मंदावते व संदेशकाचे विघटनही लवकर होते.

जुळणी एवढ्या थोड्या क्षारकांवर अवलंबून असल्याने एक सूक्ष्म आरएनए शेकडो संदेशकांवर परिणाम करू शकतो आणि एका संदेशकावर अनेक सूक्ष्म आरएनए कार्य करू शकतात. मानवात सूक्ष्म आरएनएची एक हजाराहून अधिक जनुके असल्याचे मानले जाते आणि प्रथिन निर्माण करणाऱ्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या नियंत्रणकक्षेत येतात. बहुतेक वेळा हा परिणाम जनुक पूर्णतः बंद करण्याइतका तीव्र नसतो. प्रथिनाचे प्रमाण थोडेसे कमी करून ते इष्ट मर्यादेत ठेवणे एवढाच तो असतो. लिन-४ व लिन-१४ यांच्यातील तीव्र संबंध हा या दृष्टीने अपवादात्मक होता व तो तसा होता म्हणूनच एका जनुकातील बिघाड कृमीच्या शरीरात डोळ्यांना दिसू शकला.

उत्तरकालीन संशोधन व महत्त्व : अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेने २००५ मध्ये लेट-७ शी आप्तसंबंध असलेली तीन सूक्ष्म आरएनए जनुके एकत्रितपणे कृमीच्या दुसऱ्या व तिसऱ्या डिंभावस्थांमधील संक्रमण नियंत्रित करतात असे दाखविले. यांपैकी एकेक निकामी केल्यास फारसा परिणाम दिसत नाही. तिन्ही निकामी केल्यास विकसन स्पष्टपणे बिघडते. एकमेकांचे काम सांभाळणाऱ्या अशा जनुकांमुळे परिस्थिती बदलली तरी विकसनाचा क्रम कसा सुरक्षित राहतो, हा त्यांच्या पुढील अभ्यासाचा एक विषय राहिला.

विषमकालिक जनुकांच्या या मालिकेचे धागे मानवी जीवविज्ञानापर्यंत पोहोचतात. सस्तन प्राण्यांत लिन-२८ चे प्रथिन लेट-७ आरएनए तयार होण्यास प्रतिबंध करते, असे २००८ मध्ये आढळले. २००७ मध्ये मानवी देहकोशिकांचे भ्रूणीय मूलकोशिकांसारख्या कोशिकांत रूपांतर करण्यासाठी वापरलेल्या चार घटकांच्या एका संचात लिन-२८ चा समावेश होता. काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांत सूक्ष्म आरएनएची दोन जनुके नष्ट झालेली असतात, हे २००२ मध्येच दिसून आले होते. डायसर एंझाइमाच्या जनुकातील आनुवंशिक दोषामुळे बालपणी विविध अर्बुदे (गाठी) होण्याची प्रवृत्ती निर्माण होते. आरएनए व्यत्ययाच्या निकट संबंधित तत्त्वावर आधारित पहिले औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. सूक्ष्म आरएनएंचा रोगनिदानात व उपचारांत उपयोग करण्याच्या दृष्टीनेही प्रयत्न चालू आहेत.

या संशोधनाचा आरंभ कोणत्याही रोगाच्या अभ्यासातून झाला नव्हता. कृमीच्या कोशिकांना आपली वेळ कशी कळते, एवढाच मूळ प्रश्न होता. झाकॉब व मॉनो यांनी सुचविलेली व नंतर मागे पडलेली आरएनए नियामकाची कल्पना या प्रश्नाच्या उत्तरातून, वेगळ्या रूपात व प्राण्यांच्या संदर्भात, पुन्हा पुढे आली. जनुक म्हणजे प्रथिनाचा संकेत, ही व्याख्या विस्तारावी लागली आणि आनुवंशिक द्रव्याच्या प्रथिनांशी संबंध नसलेल्या भागांकडे नव्याने पाहिले जाऊ लागले.

मानसन्मान : अँब्रोस यांची २००७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडेमी ऑफ सायन्सेस या संस्थेवर सदस्य म्हणून निवड झाली. २००८ मध्ये रव्हकन व बॉल्कोम यांच्यासमवेत त्यांना मूलभूत वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार व त्याच वर्षी रव्हकन यांच्यासमवेत कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार मिळाला. वुल्फ पारितोषिक (२०१४) व ब्रेकथ्रू पारितोषिक (२०१५) हे त्यांना मिळालेले इतर महत्त्वाचे सन्मान होत. नोबेल पारितोषिकाची घोषणा ७ ऑक्टोबर २०२४ रोजी करण्यात आली.